आधी घट्ट, मग खूण

मखमलाबाद, नाशिक
१२ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनी हिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाली असशील तर जरा दम धर. पहिलं पान तरी वाच. यात मी तुझी खुशाली विचारणार नाही आणि माझी सांगणारही नाही. गाडीबद्दल लिहितोय.

तुझ्या प्रतिभामावशीकडून कळलं, तू पुण्यात जुनी गाडी घेतलीस. डाव्या अंगाला ओढते, आणि पुढचं टायर आतल्या कडेनं खाल्लंय. गॅरेजवाल्यानं दोनदा मशीनवर लावून दिली तरी तेच. पत्ता मी मावशीकडून कसा काढला ते विचारू नकोस. तिला तीनदा चहाला बोलावलं. तिसऱ्यांदा ती रडली आणि कागदावर लिहून दिला. तिच्यावर चिडू नकोस. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, मग मी दुसरं काय करणार?

ऐक. मशीन खोटं बोलत नाही, पण मशीनवरचा माणूस घाईत असतो. चाकं एका रेषेत आणायची अलाइनमेंट घरी होते. तुला हे मी सांगायचं म्हणजे कमालच झाली, नवव्या वर्षापासून टेपचं दुसरं टोक तूच धरलंयस. पण मावशी म्हणाली की आठ वर्षांत तू पान्याला हात लावला नाहीस, डिप्लोमा सोडलास तो सोडलासच. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

आधी चारही टायरची हवा सारखी कर. मग गाडीचं पुढचं अंग जॅकवर घे, चाक डावी-उजवीकडून दोन्ही हातांनी धरून हलव. खटखट वाजलं तर टाय रॉडचा शेंडा गेलाय. तो बदलल्याशिवाय पुढं काही करू नकोस. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा, विसरली असशील तर.

मग सपाट जागा शोध. पुण्यात सोसायटीचं पार्किंग असेल, त्याला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तिथं करू नकोस. आपलं अंगण आठवतंय ना? तो कोबा मी आणि टेम्पोवाल्या मंगळूनं पाण्याच्या नळीनं लेव्हल घेऊन केला होता. एका कोपऱ्यात गोटी ठेवली तर जागची हलत नाही. तुझी आई म्हणायची, घरात एक भिंत सरळ नाही आणि अंगण मात्र काचेसारखं. तिच्या व्हॅनसाठीच केला होता तो.

पुढच्या चाकांखाली फरशीचे दोन तुकडे घाल, त्यांवर खताच्या गोणीतलं प्लास्टिक, मध्ये ग्रीस. म्हणजे चाक वळवताना अडकणार नाही. स्टिअरिंग मध्यावर आणून दोरीनं बांधून टाक.

बाकीचं पुढच्या पत्रात. सगळं एकदम सांगितलं तर तू घाई करशील. आणि या वेळी नट घट्ट करायला विसरू नकोस म्हणजे झालं.

नाना

*

मखमलाबाद
३० नोव्हेंबर २०२५

चि. योगिनी,

उत्तर आलं नाही. यायचं नव्हतंच, तरी पोस्टमन दिसला की मी गेटापर्यंत जातो. तो आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. पाकीट पेटीत टाकलं आणि तेव्हा कळलं. पेटीत हात घालून बघितला, जात नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग, आता पेनालाही लागलाय. ते वाक्य तू खोडून टाक.

आता दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंनी चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणायची, पुढे-मागे रंगाचे डबे ठेवून त्यांना बांधायची. दोन्ही दोऱ्या गाडीला समांतर आल्या पाहिजेत, त्यातच अर्धा दिवस जातो. आपण आईची हार ओवायची दोरी घ्यायचो. ती ओरडायची, "अहो, दोन रिळं नेली का बापलेकीनं? उद्या शेवंती काय हवेत ओवू?" आणि तू गाडीखालून ओरडायचीस, "नानांनी नेली!" चहाडखोर कुठली.

मग दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर आणि मागच्या कडेचं अंतर मोज. त्या दोन मापांत किती फरक हवा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, बहुतेक एखाद-दोन मिलीमीटर. तेवढ्यासाठी टायर खाल्लं जातं. जुळत नसेल तर टाय रॉड जागी धरून ठेवणारा लॉक नट सैल करायचा, रॉड पाव फेरा फिरवायचा, जेवढा डावीकडचा तेवढाच उजवीकडचा. गाडी पुढं-मागं ढकलायची आणि परत मोजायचं. तीन-चारदा होतं हे. कंटाळू नकोस.

आणि एक. गाडी ओढते म्हणजे दर वेळी अलाइनमेंटच बिघडलेली असते असं नाही. रस्ताही कडेला उतरता असतो, गाडी ओढणारच. आधी ते बघ.

जुळलं की लॉक नट घट्ट. मग खूण.

खुणेबद्दल तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. सातपूरला आमच्या कंपनीत असेंब्लीवर नियम होता, बोल्ट घट्ट केला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे सही. पुढच्या माणसानं हात लावून बघायचं नाही, ठिपका बघायचा. घरी रंगाचं पेन कुठलं? तू आईची लाल नेलपॉलिश उचलून आणलीस. नऊ वर्षांची होतीस. आईनं आधी धपाटा घातला आणि मग दुसऱ्या दिवशी तसलीच बाटली आणून माझ्या पान्याच्या पेटीत ठेवली. "ही तुमची, ती माझी, आता हात लावाल तर बघा." आधी घट्ट, मग खूण, असं तू गाणं म्हणायचीस.

तुझी आई फुलबाजारात स्वतः व्हॅन चालवत यायची तेव्हा बायका बघत राहायच्या. सुवर्णाबाई आल्या म्हणायच्या. मला कधी तसं कोणी वाल्मीकराव आले म्हटलं नाही.

आईच्या तेराव्याचं मला लिहायचंय, पण आज नाही. थंडीनं बोटं आखडली आहेत.

नाना

*

मखमलाबाद
१४ डिसेंबर २०२५

योगे,

बोटं काही आखडली नव्हती. नोव्हेंबरात अशी काय थंडी पडते?

काल मंगळूचा टेम्पो अंगणात होता. त्याचं पुढचं चाक मी बघून देतो, अजूनही. त्याला फुलं घेऊन जायची घाई होती. उजवी बाजू झाली, डावीचं माप जुळलं. मी पाना घेतला, त्याच्या हातात बाटली दिली आणि म्हणालो, "तू खूण लावून घे रे, वाळायला वेळ लागतो. तोवर मी घट्ट करतो."

मंगळू हसला. "नाना, आधी घट्ट तर करा. खूण काय पळून चाललीय?"

मी तिथंच कोब्यावर बसलो. त्याला वाटलं मला चक्कर आली. पाणी आणलं, भाकरीचा तुकडा आणला, डॉक्टरकडं नेतो म्हणाला. मी काय सांगणार त्याला?

तेव्हाही माझे अगदी हेच शब्द होते. २०१७, एप्रिलचा शेवट, लग्नसराई. आई गेटाशी फुलांच्या करंड्या घेऊन उभी, "आटपा की, मोगरा मरतोय माझा." उजवी बाजू आपण नीट केली. डावीचा नट मी अजून हातानंच लावला होता. तू बाटली उघडून थांबली होतीस. मी म्हणालो, खूण लावून घे, तोवर मी घट्ट करतो. तू लावलीस, कारण नानांनी सांगितलं होतं. तेवढ्यात कंपनीतून फोन आला, शिफ्ट बदलल्याचा. मी उठून पडवीत गेलो. सुपरवायझरशी भांडलो, तुला माहीत आहे मी कसा भांडतो ते. परत आलो तर डाव्या नटावर लाल खूण. मी हात लावला नाही. खूण बघितली आणि म्हणालो, "झालं, काढ जॅक."

त्या रॉडचे आटे आधीच झिजलेले होते. नट सैल, रस्त्याचे धक्के, रोज फुलांचा भार. बारा दिवसांत रॉड फिरत फिरत सुटत आला. तेराव्या दिवशी चांदवडच्या अलीकडे वळणावर चाक भलतीकडं फिरलं आणि व्हॅन उभ्या कंटेनरवर गेली. आई एकटी होती. आता ते काही लिहीत नाही.

मला हे लिहायचं होतं की मी विसरलो होतो, काल मंगळूमुळं आठवलं. तसं लिहून एक कागद फाडलासुद्धा. खोटं आहे ते. व्हॅन ओढून आणणाऱ्यानं तो नट माझ्या हातावर ठेवला तेव्हाच मला सगळं आठवलं. आईच्या तेराव्यालाही आठवत होतं.

तेराव्याला कळवणहून तुझा सावळीराममामा आला होता, आजी होती, सगळा गोतावळा पडवीत बसला होता. मामानं विचारलं, "दाजी, गाडीचं काम कोणी केलं होतं?" मी खिशातून तो नट काढून त्याच्या पुढं धरला. म्हणालो, "खूण योगीची आहे."

बस, एवढंच. त्यात खोटं अक्षर एक नव्हतं, खूण तुझीच होती. आठ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण सगळ्यांनी माना वळवून तुझ्याकडं बघितलं. तू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होतीस. आजीनं तोंडावर पदर घेतला. मामा म्हणाला, "पोरी, काय केलंस गं हे?" आणि मी बोललो नाही. तुझ्याकडं बघितलंही नाही.

एकोणीस वर्षांची होतीस. त्यानंतर दहाव्या दिवशी बॅग भरून गेलीस. मामाच्या पोराचं लग्न झालं, तुला पत्रिका नाही. आजीनं तुझं नाव काढलं नाही. तुझ्या वाट्याचं सगळं मी खाल्लं, बाळा. लोक मला म्हणत, बिचारा वाल्मीक, बायको गेली, पोरीनं असं केलं. आणि मी मान हलवायचो. मला लाज वाटली नाही असं नाही, लय वाटली, पण त्याहून भीती जास्त होती. सुवर्णाला मीच मारलं, हे कुणी माझ्या तोंडावर म्हणालं असतं तर मी त्या पडवीत उभा राहू शकलो नसतो. म्हणून तुला उभं केलं.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. पुढच्या रविवारी कळवणला जातो आणि त्याच माणसांसमोर सांगतो.

तुझ्या गाडीचा नट दोन पाने लावून घट्ट कर. एकानं शेंडा धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. मग खूण.

नाना

*

मखमलाबाद
८ जानेवारी २०२६

योगे,

तुझं पत्र पाच-सहा दिवसांपूर्वी आलं. पोस्टमननं या वेळी हात हलवला नाही, सरळ गेटापर्यंत आला. मी ते दोन दिवस देवळीत ठेवलं, उघडलं नाही. मग उघडलं.

आधी कळवणचं सांगतो. गेलो होतो. मामा, मामी, प्रतिभामावशी, आजी, सगळे होते. उभ्यानं सांगितलं, बसलो नाही. मामा उठून माझ्या अंगावर आला, मावशीनं त्याला धरलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुझी चंद्रभागाआजी भिंतीला धरून उठली. म्हणाली, "म्हणजे पोरीला आम्ही आठ वरीस दारात उभं केलं नाय, ते फुकटच का रे?" आणि मग तिला रडू आवरेना. तिला आता कमी दिसतं. तुझा नंबर तिनं मावशीकडून कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून घेतलाय. तिचा फोन आला तर घे. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

आता तुझ्या पत्राचं.

तू लिहिलंस, "नाना, तुम्ही काय म्हणाला होतात ते मला पहिल्या दिवसापासून आठवतंय. मी एकोणीस वर्षांची होते, बहिरी नव्हते." इथं मी कागद खाली ठेवला. परत उचलला.

तू लिहिलंस, फोनवरून मी परत आलो तेव्हा तू हात धुवायला गेली होतीस, आलीस तर मी "झालं" म्हणालो. तुला वाटलं, मी घट्ट केला. तेराव्याला तू बोलणार होतीस. पण मामाच्या हाताच्या मुठी बघितल्यास आणि माझं तोंड बघितलंस. "आई गेलीच होती. तुम्हीही काही करून घेतलं असतंत तर मी कुठं जाणार होते? म्हणून गप्प बसले. वाटलं, महिन्याभरात तुम्ही स्वतःच बोलाल."

महिन्याभरात. अगं, तू मला महिना दिला होतास आणि मी तुझी आठ वर्षं घेतली. आणि वर पहिल्याच पत्रात लिहितो, या वेळी नट विसरू नकोस. हे वाचताना तू काय केलं असशील, मला डोळ्यांपुढं येतं आणि मी घरात नुसता फिरत राहतो.

गाडी सरळ केलीस, हे वाचून मात्र बरं वाटलं. दोरी एकटीनं ताणलीस, टेपचं दुसरं टोक चिकटपट्टीनं लावलंस. नट घट्ट केलास, हात लावून पुन्हा बघितलास, मग खूण केलीस. कोणत्या रंगाची ते लिहिलं नाहीस.

आणि शेवटी तू एकच गोष्ट विचारलीस. "बारा दिवस आई ती गाडी चालवत होती. तिला ओढ जाणवली नसेल असं होणार नाही, ती नुसत्या आवाजावरून टायरमधली हवा सांगायची. ती तुम्हाला काही म्हणाली नव्हती का? एवढं खरं सांगा. बाकी मला काही नको."

मला हे टाळता आलं असतं. हे मी आणि तीच जाणत होतो. मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल, मलाही तसंच मानून घ्यायचं होतं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. नाही म्हणाली, असं लिहून टाकलं तर तू कदाचित येशील, हेही मनात आलं. दोन दिवस तेच मनात होतं.

म्हणाली होती.

जायच्या आदल्या दिवशी, सकाळी. तू कॉलेजात होतीस. मी चहा पीत होतो. ती ओट्याशी पदराला हात पुसत आली. "अहो, गाडी डाव्या अंगाला ओढतीय."

मी म्हणालो, "रस्ता कडेला उतरता असतो. ओढणारच."

"सगळ्याच रस्त्यांवर?"

"सगळेच रस्ते उतरते असतात."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "आपल्या अंगणातसुद्धा ओढते हो."

अंगणात, योगे. जो कोबा मी पाण्याच्या नळीनं लेव्हल केला, ज्याच्यावर गोटी हलत नाही, त्या अंगणात. ती एवढं म्हणाली तेव्हाच मला उठायला हवं होतं. मला कळलं होतं. फिटर आहे मी, कसं कळणार नाही? पण दहा-बारा दिवसांपूर्वी मीच केलेलं काम, त्यावर लाल खूण, आणि मला माझ्या बायकोनं चूक दाखवायची? मी पेपरमधून मान वर केली नाही. म्हणालो, "तुला काय कळतं गाडीतलं? तू फुलं वीक."

एकदा वाकून बघायचं होतं. डावीकडचा नट, बोटानं हलला असता.

तुला वाटेल, ती चिडली असेल, रुसली असेल. तसं झालं असतं तर बरं होतं, ती गाडी घेऊन गेली नसती. पण तिला माझ्या कामाचा भरवसा होता. फुलबाजारात ती बायकांना सांगायची, माझ्या गाडीला गॅरेज लागत नाही, घरात दोन मेकॅनिक आहेत.

दुसऱ्या दिवशी चांदवडच्या लग्नाची फुलं भरली, करंड्यांवर ओलं गोणपाट टाकलं. निघताना अंगणातून व्हॅन काढताना ती परत डावीकडं ओढली. मी खिडकीतून बघत होतो. तिनं स्टिअरिंग सावरलं, माझ्याकडं बघितलं आणि हसली.

"असेल बाई उतार," म्हणाली, आणि गेली.

नाना